पाठमोरा फोटो

४ फेब्रुवारी

लेकीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, तुझी चिडचिड कागदावर काढ, आत्यावर काढू नकोस." आत्या म्हणजे माझी नणंद. आम्ही दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर बसून केसांचे टोप करतो, तर चिडायला दुसरं कोण मिळणार? वन्सं उलट काही बोलत नाहीत. नुसतं "बरं वहिनी" म्हणतात, आणि तेच जास्त झोंबतं.

हे होते तोवर दुकान नाटकांच्या टोपांवर चालायचं. राजे, म्हाताऱ्या, विदूषक. आता नाटकवाले प्लास्टिकचे तयार टोप घेतात. आमच्याकडे येतात ती आजारात केस गेलेली माणसं, नाहीतर जाणार म्हणून आधीच आलेली.

आज भूगोलाच्या बाईंचा टोप पूर्ण झाला. शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून हे आमच्यातलं नाव. पहिल्या केमोच्या आधीच त्यांनी स्वतःची वेणी कापून आणली होती, कागदात गुंडाळून. सोबत सहलीतला एक पाठमोरा फोटो. डोक्यावर दोन भोवरे, अगदी शेजारीशेजारी, एक उजवा आणि एक डावा. उजव्या कानामागे लहानपणापासूनची पांढरी बट. मानेवरचे बारीक केस सगळे एका अंगाला झुकलेले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एकच भोवरा पुरे की. मागून कोण बघतंय?" मी म्हटलं, करायचं तर नीट करायचं, नाहीतर सरळ झाडू बांधायचा डोक्याला. जाळीवर एकेका केसाची गाठ मारत दोन्ही भोवरे बसवले. बटसुद्धा जिथल्या तिथे.

बाईंनी दोन आरसे समोरासमोर धरून मागून पाहिलं. मग म्हणाल्या, "काकू, हे तर माझंच डोकं आहे."

"मग काय शेजारणीचं देऊ?" मी म्हटलं. हसल्या.

जाताना खुर्चीत पुन्हा बसल्या आणि सांगू लागल्या. थोरली बहीण याच आजारानं गेली. तिचं सगळं आईनं केलं. आई भावाकडे राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाई दर रविवारी तिकडे जातात, आणि आई लहानपणापासून त्यांचे केस विंचरते, अजूनही. "तिनं हे एकदा पाहिलंय काकू. पुन्हा नको. सुट्टी लागेपर्यंत माझी औषधं संपतील, मग मीच सांगेन. तोवर तिला कळता कामा नये, बस." मग विचारलं, "आईनं डोक्यावरून हात फिरवला तर कळेल?"

"फिरवू दे की. ओढू मात्र नको म्हणावं."

नेहमीप्रमाणे खिडकीच्या उजेडात मागून फोटो काढला. ही आमच्या यांची शिकवण. समोरून चेहरा सगळं सांभाळून नेतो, टोपाची खरी परीक्षा पाठीमागून. म्हणून प्रत्येक टोपाचा पाठमोरा फोटो दुकानात ठेवायचा. बाईंनी विचारलं, "चेहरा नाही ना आला?" नाही म्हटलं. "मग ठीक," म्हणाल्या.

आज फार बरं वाटलं. असं काम वर्षा-दोन वर्षांत एखादंच होतं.

१२ फेब्रुवारी

जावई आले होते. जाहिरातीच्या कंपनीत आहेत, त्यामुळे आमच्या दुकानाकडे बघून त्यांचा जीव कळवळतो. चौकातल्या टोपवाल्यानं केवढा फलक लावलाय आणि मामी, आपण अजून दारावरच्या पाटीवर बसलोय, वगैरे. भाड्याची गोष्ट काढली तेव्हा मीही ऐकून घेतलं. त्यांनी फोटोंचा सगळा गठ्ठा चाळला आणि भूगोलाच्या बाईंचाच नेमका उचलला. नजर आहे, मानलं पाहिजे. ओळही तिथल्या तिथे सुचली त्यांना: "आजारात केस गेले? कुणाला कळणारही नाही."

वन्सं चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, बाईंना विचारायला हवं ना?"

"त्यात बाई कुठायत? चेहरा तरी आहे का? मागून सगळी माणसं सारखीच." हे नेहमी म्हणायचे, प्रेक्षकांकडे पाठ केली की राजा आणि त्याचा हुजऱ्या एकच. शिवाय फोटो काढताना बाई ठीक म्हणाल्याच होत्या.

"बरं वहिनी," म्हणाल्या वन्सं. घ्या.

२ मार्च

फलक लागले. बसच्या स्टॉपवर, काचेच्या चौकटीत नव्हे, साध्या चिकटवायच्या पाटीवर, ते स्वस्त पडतं. बाजारात, हॉस्पिटलसमोर, पाण्याच्या टाकीजवळ आणि आणखी दोन-तीन ठिकाणी. मी पिशवी घेऊन बाजारात गेले आणि बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी उभी राहिले. भोवरे काय दिसतात मोठे झाल्यावर! एक बाई दुसरीला म्हणाली, "टोप आहे हा? खरं नाही वाटत." मला तिला चहा पाजावासा वाटला.

फोनही येऊ लागलेत.

९ मार्च

भूगोलाच्या बाई टोप धुवायला घेऊन आल्या. वाळल्यात फार. टोप सैल पडायला लागलाय, आतून पट्टी शिवून दिली. मी विचारलं, "काय म्हणते आई? फसली की नाही?"

"आई आता विंचरू दे म्हणतच नाही," म्हणाल्या. "पूर्वी सोडायची नाही, दर रविवारी काही ना काही निमित्त काढून टाळत होते. आता नुसता हात फिरवते, अगदी हलका. आणि म्हणते, छान आहेत गं तुझे केस."

मी वन्संकडे पाहिलं. जन्मभर ज्या हातांनी ते केस विंचरले, तेच हात फसले, आता याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? वन्सं उठल्या, पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि पाणी काही लवकर आलं नाही. त्यांना कौतुक सहन होत नाही, हे माझं जुनं मत आहे.

बाई भिंतीवरचे फोटो बघत होत्या. "असे सगळ्यांचे लावता का काकू?"

"चांगल्या कामाचेच."

दाराशी गेल्यावर वळून म्हणाल्या, "तुमचं काम फारच चांगलं आहे. थोडं कमी चांगलं असतं तरी चाललं असतं." विनोदी आहेत बाई. शाळेतली पोरं खूश असतील.

१६ मार्च

फलक फाडलेत कुणीतरी. बाजारातला आणि टाकीजवळचा. टाकीजवळच्याच्या तर चिंध्या करून टाकल्यात, आणि शेजारचा टूथपेस्टचा फलक जसाच्या तसा. म्हणजे राग माझ्यावरच. बाजारातला मात्र फाडलेला नाही, चारी कोपरे सोडवून अलगद काढून नेलाय. त्याला चोरीच म्हणायची.

कोण असणार? चौकातलाच. धंदा बसायला लागल्यावर नाचता येईना, अंगण वाकडं. जावयांना सांगून दोन्ही ठिकाणी नवे लावून घेतले.

२२ मार्च

टाकीजवळचा पुन्हा चिंध्या. बाजारातला पुन्हा अलगद गायब. आणि आज तर कळसच. चौकातल्यानं आपल्या फलकावर माझाच फोटो छापलाय, तोही उलटा करून. पांढरी बट डाव्या कानामागे! भोवरे भलत्या दिशेला फिरताहेत! ज्याला उजवाडावा भोवरा कळत नाही त्यानं या धंद्यात पडावं कशाला? केसानं गळा कापला मेल्यानं. आणि वर "शंभर टक्के अस्सल केस" असं लिहिलंय. त्याच्याकडे अस्सल म्हणावं असं एकच, त्याचं टक्कल.

जावई म्हणाले, कॉपीराइटचा भंग आहे, सोडायचं नाही. नव्या फलकांवर खाली ओळ टाकून घेतली: "या छायाचित्राचे सर्व हक्क आमच्याकडे राखीव. परवानगीशिवाय वापरल्यास कारवाई होईल." वकीलबाईंची वेळ घेतलीय.

वन्संनी आज दिवसभर एकच भांग तीनदा उसवला. विचारलं तर म्हणाल्या, "चुकतंय वहिनी काहीतरी." मी म्हटलं, मग चष्मा बदला.

२६ मार्च

वकीलबाईंकडे जाऊन आले. मी तोफखाना घेऊन गेले होते. माझा फलक, त्याच्या फलकाचा फोटो, फाडल्याची सगळी हकीकत. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"फोटो काढला कुणी?"

"मीच."

"मग फोटोवरचा हक्क तुमचा. तो उलटा करून छापला म्हणून त्याचा होत नाही. नोटीस पाठवता येईल." माझी छाती फुगली. मग त्यांनी विचारलं, "आणि डोकं कुणाचं?"

"डोकं?"

"यातलं डोकं. त्या बाईंची जाहिरातीसाठी लेखी परवानगी असेल ना?"

मी सांगितलं, चेहरा नाहीये, आणि फोटो काढताना त्या ठीक म्हणाल्या. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "फोटो काढू देणं वेगळं आणि भर बाजारात लावू देणं वेगळं. त्यांनी तुम्हाला डोकं दिलं टोप करायला. वर तुम्ही लिहिलंय, आजारात केस गेले. म्हणजे माणूसही दाखवलं आणि त्याचा आजारही. ओळखणाऱ्याला चेहरा लागतोच असं नाही."

"पण मागून कोण ओळखणार?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात, उजव्याचा डावा झाला हे तुम्ही रस्त्याच्या पलीकडून ओळखलंत."

मग त्यांनी जाहिरातीची ओळ वाचली. "कुणाला कळणारही नाही. हा दावा कुणी विचारला तर सिद्ध कराल?" मी म्हटलं, करीन की, त्यांची सख्खी आई फसलीय. त्यांनी फलक माझ्याकडे फिरवला. "त्या आईला हे माहीत नाहीये आणि तुम्ही हा फोटो बाजारात लावलाय?"

शेवटी म्हणाल्या, "नोटीस पाठवली की तो पहिला हाच प्रश्न विचारील. आधी आपलं अंगण झाडा. त्यांची सही आणा. नाही मिळाली तर सगळं उतरवा, आणि माफी मागा."

येताना बाजारावरून आले. हक्कांची ओळ घातलेला नवा फलकही गायब. पाटीवर चार कोपऱ्यांचा डिंक तेवढा राहिलाय.

२८ मार्च

बाईंच्या घरी गेले. एका खोलीत नकाशे गुंडाळून ठेवलेत, दुसरीत पलंग. त्या उशीला टेकून वह्या तपासत होत्या, डोक्याला साधा रुमाल. टोप खुंटीवर नव्हता, लाकडी डोकं नाही म्हणून उलट्या पातेल्यावर नीट ठेवला होता.

मी सरळ परवानगीचा कागदच पुढे केला. त्यांनी वाचला. "काकू, मी पाहिलाय तो फोटो," म्हणाल्या. "लागला त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत? दुकानात आला होतात तेव्हा?"

"चेहरा आला का एवढंच मी विचारलं होतं. आणखी विचारायला हवं होतं, सुचलं नाही. मग वाटलं, भांडून काय उपयोग." वही मिटून म्हणाल्या, "टाकीजवळचा मी फाडला. दोन्ही वेळेला. आईची गल्ली तिथंच सुटते. माफ करा."

मला माफ करा म्हणाल्या. मला.

"आणि बाजारातला?"

"तो नाही बुवा मी. बाजारात आई जात नाही, भाजी माझी वहिनी आणते. म्हणून तिकडची काळजी नव्हती."

मी म्हटलं, सही केलीत तर त्या चौकातल्याला धडा शिकवता येईल. ऐकायला माझं मलाच घाणेरडं वाटलं. त्यांनी विचारलं, "सही केली तर तुमचा फोटो राहणार?"

"हो."

"नाही केली तर?"

"उतरवावा लागेल."

"मग नाही करत," म्हणाल्या आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. आवाजात राग नव्हता. मी विचारलं, राग नाही का आला माझा? म्हणाल्या, "आला ना. पण रागावायला दम लागतो काकू, आणि तो मी रविवारसाठी राखून ठेवते. आईसमोर दोन तास बसायचं असतं. तिला कळलेलं नाही, एवढं पुरे आहे मला. अजून हात फिरवते, छान आहेत म्हणते."

मी त्यांचा हात धरला आणि रडले. रडायची पाळी खरं तर कुणाची होती आणि रडलं कोण. पण देवाची कृपा, आईला काही कळलं नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी घरी चालत आले.

२९ मार्च

सगळे फलक उतरवले. जावई रुसलेत, बसू देत रुसून. जावयाचा मान जावयाच्या जागी.

मग चौकातल्याकडे गेले. तो मला बघून उभाच राहिला, वाटलं असेल पोलीस मागून येताहेत. मी म्हटलं, भांडायला नाही आले. फोटोतली बाई आजारी आहे, तिच्या आईला माहीत नाही, आणि मी तिला न विचारता तो लावला होता. तुम्ही माझा चोरलात, पण मी आधी तिचा चोरला. तो आत गेला. शिडी आणली आणि माझ्यासमोरच चढला. उतरल्यावर म्हणाला, "बसा, पाणी घ्या." यापूर्वी त्याच्या दुकानात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टोप काही वाईट करत नाही तो.

रात्रीच्या जेवणाला मी वन्संना म्हटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर बोलला होता. "बरं वहिनी," म्हणाल्या.

११ मे

सुट्ट्या लागल्या. भूगोलाच्या बाई टोप धुवायला आल्या नाहीत. एप्रिलमध्येही आल्या नाहीत. औषधं संपली असतील, केस उगवायला लागले असतील, आईला सांगूनही झालं असेल. टोपाची गरज संपली की माणसं आमच्याकडे फिरकत नाहीत, आणि तेच बरं असतं. वन्सं म्हणतात फोन करा. कुठल्या तोंडानं करू?

१९ मे

आज दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. ठेंगण्या, पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. मला वाटलं स्वतःसाठी आल्यात. त्यांनी पिशवीतून उशीचा अभ्रा काढला, आणि अभ्र्यातून टोप.

दोन भोवरे, उजव्या कानामागे पांढरी बट. वन्संनी त्यांना खुर्ची दिली.

"गेली ती," म्हणाल्या. "सुट्टी लागायच्या आधीच. हा परत द्यायला नाही आणला हं. मळलाय, धुऊन मिळेल का?"

मी मिळेल म्हटलं. टोप हातात घेतला आणि विंचरायला लागले, हाताला तेवढंच येतं.

"तुम्ही केलात ना? भोवरे बघूनच मी बाजारात थांबले," त्या सांगू लागल्या. "सून नको म्हणते, पण मी जाते भाजीला, तेवढेच पाय मोकळे होतात. स्टॉपवर बघितलं. जन्मल्यापासून विंचरलेत हो ते दोन भोवरे. थोरलीच्या वेळचं सगळं पाठ आहे मला, वरची ओळ वाचायचीही गरज पडली नाही. मग कोपरे सोडवून काढून घेतला. तिला दिसला असता तर कळलं असतं ना, की आईलाही दिसला असणार. पुन्हा लावला, पुन्हा काढला. तुमचं नुकसान झालं असेल."

मी नाही म्हणून मान हलवली.

"रविवारी यायची. मी हात फिरवायची. बोटांना जाळी लागायची." त्यांनी आपली बोटं बघितली. "ती सांगणार होती सुट्टीत, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. तिचं सांगायचं ते तिनं सांगावं, मी कशाला आधी तोंड उघडू, असं वाटलं. तो कागद दिसला नसता तर मी विंचरायचा हट्ट धरला असता नेहमीसारखा. टोप हातात आला असता. दोघी रडलो असतो, आणि मग मी तिच्याजवळ जाऊन राहिले असते. आता वाटतं. तेव्हा नाही सुचलं."

हे त्या मला दोष द्यायला म्हणाल्या नाहीत. दोष दिला असता तर मला सोसवलं असतं.

"तिला कळलं नव्हतं ना, मला माहीत आहे ते? तुमच्याकडे यायची, काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, तुम्हाला काही माहीत नाही म्हणून."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "टाकीजवळचाही होता एक, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तो मात्र माझ्याआधीच कुणीतरी फाडला होता. कोण होतं कोण जाणे. देव त्याचं भलं करो."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून मानेवरचे बारीक केस एका अंगाला झुकवत राहिले.

मग आईंनी पिशवीतून घडी केलेला फलक काढला आणि टेबलावर पसरला. घड्या पडून पडून मऊ झाला होता. "हा ठेवलाय मी. पण याच्यावर अक्षरं आहेत, नेमकी केसांवरून गेलीत. बिनअक्षरांचा असेल ना तुमच्याकडे?" थोड्या घुटमळल्या, आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, हक्क तुमचे आहेत, परवानगी लागते. म्हणून विचारायला आले. मला एक द्याल का? कुठं वापरणार नाही. घरात ठेवीन, बघायला."

वन्संनी भिंतीवरून फोटो काढला. माझ्या हातात टोप होता, म्हणून त्यांनीच कागदात गुंडाळला आणि आईंच्या पिशवीत ठेवला.

टोप गुरुवारी न्यायला येणार आहेत.